मागच्या दाराने आलेलं प्रारब्ध

कोल्हापूरशेजारचं गडमुडशिंगी कुठं संपतं आणि गांधीनगर कुठं सुरू होतं, हे नवख्या माणसाला कळत नाही. लग्नसराईत गांधीनगरच्या पेठेत पाय ठेवायला जागा नसते. कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगाव इथून माणसं बस्ता बांधायला येतात, साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून घासाघीस करतात आणि गाठोडी घेऊन परततात. ज्या जमिनीवर ही घासाघीस चालते तिथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. त्यात बायका, मुलं आणि म्हातारीकोतारीच जास्त. वस्तीचं नाव होतं वळिवडे कॅम्प.

ही माणसं सहलीला आली नव्हती. १९४० च्या फेब्रुवारीत, पूर्व पोलंड सोव्हिएत फौजांच्या ताब्यात असताना, रात्रीबेरात्री दारं ठोठावून त्यांना बाहेर काढलं, मालगाड्यांत भरलं आणि सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. पुढच्या दीडेक वर्षात अशा आणखी खेपा झाल्या. थंडी, उपासमार आणि टायफसने वाटेतच किती गेले, ते त्या कुटुंबांनाच ठाऊक. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केल्यावर राजकारण फिरलं, पोलिश कैद्यांची सुटका झाली, आणि १९४२ मध्ये हजारोंच्या संख्येने ते इराणात उतरले. तिथून काही भारतात आले. आधी जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली, मग कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठी वस्ती उभी राहिली. खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा. बराकी, देऊळ (त्यांचं चर्च), शाळा, दवाखाना, नाटकाचं व्यासपीठ, स्काउटची पथकं, सगळं होतं. पंचगंगेच्या काठी पाच वर्षं एक छोटं पोलंड नांदत होतं.

या लोकांपाशी दुःखाचं एक तयार उत्तर होतं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत पोलंड नकाशावरून पुसला गेला. त्यानंतर पॅरिसमध्ये परागंदा असलेल्या आदाम मित्स्कियेविच या कवीने १८३२ मध्ये मांडलं की पोलंड हा राष्ट्रांमधला ख्रिस्त आहे. त्याला वधस्तंभावर दिलं गेलं ते इतर राष्ट्रांच्या मुक्तीसाठी, आणि एक दिवस तो उठेल. कॅथलिक पोलंडने हा विचार आईच्या दुधासारखा पचवला. आपले हाल वाया जात नाहीत, त्यांचा कुठंतरी हिशेब आहे, जगाच्या तारणात ते जमा होतात.

पोलंड उठला. पण १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्यांनी रेघ ओढली तेव्हा या माणसांची गावं रेघेच्या पलीकडे, सोव्हिएत संघात गेली. राष्ट्राचं पुनरुत्थान झालं, पण त्यात त्यांचं घरच नव्हतं. १९४८ मध्ये कॅम्प उठला आणि बरेचसे पोलिश इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असे जगभर पांगले. रिकाम्या झालेल्या त्याच बराकींत सिंधमधून उखडलेली सिंधी कुटुंबं येऊन राहिली. त्यांच्याही नशिबी फाळणी हाच शब्द. आजची कापडपेठ उभी केली ती त्यांनी.

आता प्रश्न विचारायलाच हवा. त्याच बराकीत, त्याच फरशीवर आधी झोपलेल्या पोलिश आजीचं दुःख जगाच्या तारणासाठी होतं, तर तिच्या नंतर तिथं झोपलेल्या सिंधी आजीचं दुःख कशासाठी होतं? एकीच्या अश्रूंना हेतू आणि दुसरीचे नुसतेच अश्रू, असा देव कोणाला पूजावासा वाटेल?

दुःखाला अर्थ देणारा धर्म, अशी ख्रिस्ती धर्माची ओळख सांगितली जाते. अनुयायी ती अभिमानाने सांगतात, टीकाकार तीच आरोप म्हणून करतात. दोघंही असं गृहीत धरतात की याबाबत ख्रिस्ती लोकांचं एक मत आहे. ते कधीच नव्हतं. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनला जगातलं दुःख आदामाच्या पतनाचं फळ वाटलं. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात इरेनियसला माणूस अजून कच्चा, घडायचा राहिलेला दिसला. विसाव्या शतकात जॉन हिकने तोच धागा पकडून जगाला आत्मा घडवण्याची शाळा म्हटलं. कॅल्व्हिनच्या मते देवाच्या हुकमाशिवाय काहीच घडत नाही, मग रोग तरी कसा घडेल. कॅथलिक परंपरा म्हणते की दुःख ख्रिस्ताच्या दुःखाला जोडून अर्पण करता येतं. आणि अमेरिकेत विसाव्या शतकात केनेथ हेगिन यांच्यासारख्या प्रचारकांनी सगळ्यांना धुडकावून सांगितलं की आजारपण विश्वासणाऱ्याच्या वाट्याला यायलाच नको, बरं होणं हा त्याचा हक्क आहे. या पाच जणांना एका टेबलावर बसवलं तर जेवण व्हायच्या आत भांडण होईल.

भांडण होऊ द्यावं. या लेखाचा वाद त्यांतल्या एकाशी नाही, पाचांच्याही नावावर गावोगावच्या उपदेशपीठांवरून चालणाऱ्या एका सवयीशी आहे. ती सवय म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याला हेतू चिकटवणं.

मराठी व्याकरणात तीन पुरुष असतात. माझ्या दुःखातून मला देवाने काही शिकवलं, हे प्रथमपुरुषी वाक्य. ते बोलायचा अधिकार ज्याने सोसलं त्याला आहे, आणि त्यावर इतरांनी मान खाली घालून गप्प बसावं. तुझ्या दुःखातून देव तुला शिकवतो आहे, हे द्वितीयपुरुषी वाक्य. शब्द तेच असले तरी वाक्य तेच राहत नाही. पहिलं साक्ष आहे, दुसरं निकाल आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये साक्ष हा फार मोलाचा शब्द. उपासनेत माणूस उभा राहतो आणि आपल्यावर काय गुदरलं ते सांगतो. पण साक्षीचा एक नियम कोर्टातल्या कारकुनालाही माहीत असतो: ऐकीव साक्ष चालत नाही. शेजाऱ्याच्या कॅन्सरमागे देवाचा काय बेत आहे, हे सांगणारा माणूस ऐकीव साक्षही देत नाही. त्याने तर काही ऐकलेलंच नसतं.

यावर पहिला आक्षेप पवित्र शास्त्रातूनच येईल, तेव्हा शास्त्रच उघडलेलं बरं. योहानाच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय. जन्मांध माणूस रस्त्याच्या कडेला बसला आहे. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या स्वतःच्या की आईबापांच्या? हा प्रश्न मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. जन्मायच्या आधीचं पाप, आईबापांचं देणं, मागचा हिशेब: हा आपल्या ओसरीवरचाच प्रश्न आहे. भोग, प्रारब्ध, संचित, कर्म, केवढे शब्द आहेत त्यासाठी आपल्याकडे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. पुढे तो देवाच्या कार्याबद्दल बोलतो, आणि हेतुवादी मंडळी तेवढाच तुकडा उचलून म्हणतात, बघा, आंधळेपणाला हेतू होता. पण त्या कार्याचा अर्थ त्या गोष्टीतच पुढच्या क्षणाला दिसतो. तो थुंकतो, माती कालवतो, डोळ्यांना लावतो. कार्य म्हणजे आंधळेपण घालवणं. आंधळेपणाचं समर्थन त्यात कुठंही नाही.

लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसं यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, हा प्रश्न येशू स्वतःच काढतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पुढे तो पश्चात्तापाचा इशारा देतो हे खरं, पण तो इशारा उभ्या असलेल्यांना आहे. ढिगाऱ्याखालच्यांच्या खात्यावर तो काही मांडत नाही.

इथं कोल्हापूर भागाचा इतिहास आठवायला हवा. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि पुढे त्यांचं काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. करवीर, मिरज, सांगली या पट्ट्यात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांत गावकुसाबाहेरची माणसं पुष्कळ होती. गावाने त्यांना काय शिकवलं होतं? तू महार म्हणून जन्मलास, मांग म्हणून जन्मलास, कारण मागच्या जन्मी तू काहीतरी केलंस. सोसून टाक, पुढचा जन्म बरा येईल. दुःखाला याहून भक्कम हेतू जगात कोणी दिलेला नाही. हिशेब चोख, फिर्यादीला जागा नाही. जन्मांधाविषयीच्या प्रश्नाला येशूने दिलेलं उत्तर या माणसांच्या कानी पडलं असेल तेव्हा ते काय वाटलं असेल, याचा अंदाज करता येतो. मिशनच्या भाकरीवर भाळून धर्म सोडला असं हिणवणाऱ्यांनी त्या एका नकाराचं मोल कधी मोजलं नाही.

आणि आता त्यांच्याच पणतवंडांना पाळकसाहेब सांगतात की तुमच्या घरातलं आजारपण तुमच्या पापामुळे आहे, किंवा तुमचा विश्वास कमी पडला म्हणून आहे, किंवा देवाला तुम्हाला काहीतरी शिकवायचं आहे म्हणून आहे. याला दुसरं नाव नाही. पुढच्या दाराने घालवलेलं प्रारब्ध मागच्या दाराने आत आलं आणि कोट घालून उपदेशपीठावर उभं राहिलं.

चंगाई सभांचा मासला सगळ्यांत उघडा म्हणून तो आधी निकालात काढू. मंडपात प्रार्थना होते, कोणी उठून चालतं, टाळ्या पडतात. जे उठत नाहीत त्यांच्याविषयी सिद्धांत तयार असतो: देव तर बरं करायला उभाच होता, तुमचाच विश्वास पुरला नाही. डायलिसिसवर असलेल्या बाईच्या डोक्यावर मूत्रपिंडाबरोबर अपराधाचंही ओझं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं. तो कायदा कुठल्याही एका धर्मासाठी नाही. चंगाई सभेच्या निमित्ताने अख्ख्या ख्रिस्ती समाजाला झोडपायला टपलेले लोक आहेत, हे खरं. त्यांच्या हाती कोलीत नको म्हणून घरातली घाण झाकून ठेवायची, हा मात्र सल्ला झाला, धर्म नव्हे.

चंगाईवाल्यांना हसणारे सुशिक्षित ख्रिस्ती स्वतः काय वेगळं करतात? त्यांचा हेतुवाद जरा इस्त्री केलेला असतो, इतकंच. मूल गेलेल्या घरी जाऊन ते पाप काढत नाहीत. देवाला ते फूल फार आवडलं असं म्हणतात. हा देव फुलं खुडणारा माळी झाला, आणि आईने त्याच्यावर प्रीती करायची.

ईयोबाची गोष्ट यासाठीच शास्त्रात ठेवली असावी. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र त्याच्या समाचाराला येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. तेवढं त्यांचं बरोबर. मग तोंड उघडतात आणि प्रकरणंच्या प्रकरणं देवाची वकिली करतात. देव न्यायी आहे, तेव्हा तुझं काहीतरी चुकलं असणार; देव शिस्त लावतो, ती नाकारू नकोस. त्यांचं एकेक वाक्य सुटं काढलं तर आजच्या कुठल्याही प्रवचनात खपेल. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही. वकिली करणाऱ्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, असा ठपका ठेवून तो त्यांना ईयोबाकडेच प्रार्थनेची याचना करायला धाडतो.

हेतू लावण्याचा धंदा मोठ्या प्रमाणावर चालतो तेव्हा काय होतं, हे पोर्तुगालच्या लिस्बनने दाखवलं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. चर्चं भरलेली असताना भूकंप झाला, मागून समुद्र आला, मग आग. गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट धर्मगुरूने पुढच्या वर्षी पत्रक काढून सांगितलं की याला नैसर्गिक कारणं शोधणं हेच पाप. हा देवाचा कोप आहे, आणि राहुट्या बांधण्यात वेळ दवडण्यापेक्षा लोकांनी प्रायश्चित्त घ्यावं. मंत्री पोंबाल यांनी मात्र प्रेतांची विल्हेवाट लावली, धान्याचे भाव बांधले आणि पाद्र्यांकरवी गावोगाव प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला. भूकंपशास्त्राची एक सुरुवात तिथं धरतात. मालाग्रिदाला १७६१ मध्ये पाखंडाच्या आरोपाखाली ठार केलं, त्यात पोंबाल यांचाच हात होता आणि ती गोष्ट तितकीच लाजिरवाणी. पण हेतू सापडला की राहुटी उभारणारा हात थांबतो, हे त्याच्या पत्रकाने लेखी ठेवलं.

हा रोग ख्रिस्ती लोकांचाच आहे असं मात्र नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचं फळ म्हटला. रवींद्रनाथांनी कडक शब्दांत प्रतिवाद केला आणि गांधींनी तो आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला, हा त्यांचा मोठेपणा. कारण उदात्त होतं. तरीही ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही होतेच, आणि त्यांना कोणाच्या पापाची शिक्षा झाली याचं उत्तर त्या तर्कात नव्हतं.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यांत वजनदार म्हणणं. पौलाच्या देहात काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवलं, निघाला नाही, आणि त्या दुबळेपणातच त्याला देवाचं बळ सापडलं. पंडिता रमाबाईंचं आयुष्य घ्या. १८७४ मध्ये दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. आयुष्याच्या उत्तरार्धात, १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या या सगळ्यामागे देवाचा हात बघतात. मग हेतू नाही म्हणणारे तुम्ही कोण?

कोणीच नाही. रमाबाईंना आपल्या दुःखात देवाचा हात दिसला असेल तर तो दिसला. पण त्याच रमाबाईंनी दुसऱ्यांच्या दुःखाचं काय केलं ते बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपल्यालाही देवाने दुष्काळातूनच शिकवलं तेव्हा या मुलींनाही शिकू द्यावं, असं म्हणून त्या परतल्या नाहीत. मुलींना घेऊन आल्या, केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात बायकांचे हाल होतात म्हणून त्यांनी ‘बाँबे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारवर ठपका ठेवला; ते प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचलं. प्लेग देवाचा आणि हाल गोऱ्या साहेबाचे, एवढा फरक त्यांना कळत होता. दुसऱ्याच्या दुःखाला त्यांनी हेतू दिला नाही. भाकरी दिली, आणि लागेल तिथं तक्रारअर्ज दिला.

पौलाचंही तेच. काटा त्याच्या देहातला, विनवणी त्याची, उत्तर त्याला. दुसऱ्याच्या देहातला काटा काढू नका असं त्याने कोणाला लिहिलेलं नाही.

पोलिश उत्तराचं विसाव्या शतकातलं सगळ्यांत भारदस्त रूपही एका पोलिश माणसानेच लिहिलं. १९४० मध्ये वळिवड्याला पुढे येणारी कुटुंबं सायबेरियाच्या वाटेवर होती त्याच वर्षी विशीतला कारोल वोयतिवा नाझींच्या अमलाखालच्या क्राकूवमध्ये दगडाच्या खाणीत राबत होता. तोच पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाला. १३ मे १९८१ ला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, १९८३ च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्यांनी मारेकऱ्याला क्षमा केली, आणि ११ फेब्रुवारी १९८४ ला दुःखाच्या तारक अर्थाविषयीचं त्यांचं पत्र निघालं. ज्याच्या पोटात गोळी घुसली होती त्याने ते लिहिलं, म्हणून ते वाचताना ऐकून घ्यावंसं वाटतं. दुःख ही शिक्षाच असते या मताला ईयोबाचा दाखला देऊन ते छेद देतात. आणि पत्र संपत येताना ते कुठं जातात? चांगल्या शोमरोन्याकडे. रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला हेतू समजावून सांगणारा शोमरोनी त्या दाखल्यात नाही. तेल, द्राक्षारस, गाढव आणि धर्मशाळेचं भाडं देणारा आहे. या पत्रातली पहिली अर्धी बाजू प्रवचनांत वारंवार ऐकू येते, शेवटची क्वचित. वाचणारे दमत असावेत.

प्रथमपुरुष आणि तृतीयपुरुष यांतलं अंतर किती, हे सी. एस. लुईस यांनी स्वतःवरच सिद्ध केलं. १९४० मध्ये त्यांनी वेदनेच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. वेदना हा माणसाला सावध करण्याचा देवाचा मार्ग, असा सुबक, बिनसुरकुतीचा युक्तिवाद. १९६० मध्ये पत्नी जॉय कॅन्सरने गेली. पुढच्या वर्षी त्यांनी शोकाची टिपणं छापली, तीही टोपणनावाने. त्यांत देवाने दार लावून घेतलेलं आहे, आणि सांत्वनाला येणाऱ्यांची वाक्यं बोचतात. श्रद्धा सुटली नाही. पण पहिल्या पुस्तकातला तो आत्मविश्वास दुसऱ्यात शोधून सापडत नाही. हेतुवादी मंडळी पहिलं पुस्तक भेट देतात. दुसरं द्यावं.

अर्थ नसेल तर माणूस कोसळेल, तेव्हा खोटा का होईना, आधार द्यावा, असं म्हणणारे भले लोक असतात. त्यांना महाराष्ट्रातल्याच एका ख्रिस्ती विचारवंताचं उत्तर आहे. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली, आणि तिथून दलित ईश्वरविद्या हा प्रवाह उभा राहिला. त्यांचा रोख असा की दलिताची वेदना हा दुसऱ्याने स्पष्टीकरण द्यायचा विषय नाही. देवाला ओळखण्याची सुरुवातच त्या वेदनेतून होते, आणि ती ओळख वेदना भोगणाऱ्याची असते. ब्राह्मणी परंपरेचे तर्क ख्रिस्ती शब्दांत भाषांतरित करणाऱ्या मोठमोठ्या विद्वानांना हे झोंबलं. झोंबायलाच हवं होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या दुःखाचा हेतू दुसऱ्यांनी ठरवला, त्यांनी तो ठरवण्याचा हक्क परत मागितला होता.

कॅल्व्हिनच्या अनुयायांचंही श्रेय द्यायला हवं, कारण त्यांनी आपल्या सिद्धांताला हातांनी खोटं पाडलं. देवाच्या हुकमाशिवाय काही होत नाही, असं मानणाऱ्या प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उघडलं. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी आजही त्यांचं नाव सांगते. मोतीबिंदू काढणारा डॉक्टर म्हणून त्यांची ख्याती दूरवर गेली. बैलगाडीतून आंधळी माणसं यायची. योहानाचा नववा अध्याय मिरजेत रोज घडत होता, आणि तिथं कोण पापी हा प्रश्न निरर्थक होता. मोतीबिंदू देवाच्या योजनेत आहे असं तो डॉक्टर खरोखर मानत असता तर चाकू हातात धरणं हे बंड ठरलं असतं.

ज्या दुःखाचा कारणकर्ता ठाऊक असतो त्याला माणसं देवाचा हेतू चिकटवत नाहीत, हेही लक्षात घ्यावं. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या विस्ताराला गडमुडशिंगीच्या जमिनी गेल्या तेव्हा बोलणी झाली ती मोजणीची, सातबाऱ्याची आणि मोबदल्याच्या दराची. देवाची योजना समजून सही करा, असं सांगायला कोणी गेलं असतं तर गावाने त्याला चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं असतं. हेतू निघतो तो कारण शोधायचा कंटाळा असतो तिथं, किंवा कारण शोधलं तर कोणाच्या तरी शेपटीवर पाय पडणार असतो तिथं.

२०१९ चा महापूर घ्या. ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. असा पूर आला की सगळ्याच धर्मांच्या व्यासपीठांवर कोप, परीक्षा, इशारा हे शब्द भिजत नाहीत, कोरडेच राहतात. नंदकुमार वडनेरे समितीने मात्र अतिवृष्टीबरोबर नदीपात्रातल्या आणि पूररेषेतल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. अलमट्टी धरणाच्या फुगवट्याविषयी त्या समितीचं मत अनेकांना पटलं नाही आणि तो वाद अजून मिटलेला नाही. वाद असू दे. निदान तो पाण्याविषयी आहे. पूररेषेत बांधकामाला परवानगी कोणी दिली, हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं. देवाला काय सांगायचं आहे, हे विचारायला लागत नाही, कारण देव बदलीचा आदेश काढत नाही.

मग पाळकाने, धर्मगुरूने बोलायचंच नाही का? बोलावं की. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी वधस्तंभ आहे, तेव्हा दुःखावर मौन पाळून तिला चालणारच नाही. पण त्या वधस्तंभाची गोष्ट नीट सांगावी. आदल्या रात्री बागेत येशू हा प्याला टळावा म्हणून विनवतो. वधस्तंभावर तो देवाला, मला का टाकलंस, असं विचारतो. हेतू सगळ्यांत जास्त ज्याला ठाऊक असायला हवा, त्याच्या तोंडी शेवटी प्रश्न आहे. आणि चारही शुभवर्तमानं चाळली तरी, तुझा रोग तुझ्या भल्याचा आहे, तो ठेव, असं त्याने कुठल्या रोग्याला सांगितल्याचं सापडत नाही.

कोल्हापुरात पोलिश माणसांच्या कबरी आहेत. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. २०१९ च्या सप्टेंबरात, महापूर ओसरून महिना होतो न होतो तोच, वळिवडे कॅम्पात वाढलेली, आता म्हातारी झालेली काही माणसं पोलंड आणि इतर देशांतून इथं आली. ती इथल्या लोकांचे आभार मानायला आली होती. त्यांच्या दुःखाचा हेतू या मातीने त्यांना कधी विचारला नव्हता, छप्पर दिलं होतं.

पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आहे, धोका पातळी ४३. येत्या पावसाळ्यात पाणी ३९ ला लागायच्या आत करवीर आणि शिरोळ तालुक्यांतल्या मंडळ्यांनी एवढं पाहावं: चर्चच्या हॉलची आणि शाळेच्या खोल्यांची किल्ली कोणाकडे आहे, सतरंज्या किती आहेत, पाण्याची टाकी कधी धुतली, आणि खाटेवरच्या माणसाला उचलून आणायला कोण जाणार. प्रवचनाचा विषय पाणी उतरल्यावर ठरवता येईल.